धुण्याची वही

उद्याच्या जनसुनावणीत दादाचा क्रमांक अकरावा होता आणि त्याच्या मुलीचा बारावा. ही योजना काही कोणी मुद्दाम केलेली नव्हती. नावनोंदणीच्या खिडकीसमोर बाप पुढे आणि लेक मागे असे दोघं अर्धा तास उभे होते, आणि त्या अर्ध्या तासात दोघांनी मिळून एक शब्द उच्चारला असेल तर शपथ. कारकुनाने दोन्ही अर्जांवरचा पत्ता पाहिला, चष्मा वर केला आणि विचारलं, "पत्ता एकच? लिहिताना चूक झाली का?"

"चूक नाही," दोघं एकदम म्हणाले.

गेल्या तीन महिन्यांत एवढ्या एकाच गोष्टीवर त्यांचं एकमत झालं होतं.

प्लांटला आणखी वीस वर्षं कोळसा जाळायची परवानगी द्यायची की नाही, हे त्या सुनावणीत ठरणार होतं. दादा प्लांटच्या कंट्रोल रूममध्ये शिफ्टचा प्रमुख, तेव्हा तो 'द्या' म्हणणार. त्याची मुलगी छपरांवर सोलर पॅनल बसवणारी वायरमन. तिच्या गटाने आठ महिने दारोदार फिरून अकरा हजार सह्या गोळा केल्या होत्या, म्हणजे ती 'देऊ नका, आणि प्लांटच्या माणसांना आधी सोलरचं काम शिकवा' म्हणणार. चार वर्षांची असताना तिने आत्याचा केसांतला आकडा प्लगमध्ये घातला होता आणि घरातले सगळे दिवे घालवले होते. तेव्हापासून घरात ती ठिणगी. त्या दिवशी तिला आजोबांनी, म्हणजे अण्णांनी, मारलं नाही. फ्यूज कसा बदलायचा ते दाखवलं. पुढे जे झालं त्याला जबाबदार कोण, यावर या घरात बऱ्याच चर्चा झाल्या आहेत.

रविवारी दुपारी जेवणं उरकली आणि आत्याने टेबलाच्या मधोमध अंडी उकडायचं टायमर ठेवलं.

"तिथे प्रत्येकाला तीन मिनिटं आहेत ना? मग इथेही तीनच. उद्या चारशे माणसांसमोर तंतरण्यापेक्षा आज आमच्यासमोर तंतरा. आधी दादा."

आत्या पडदे शिवते आणि भांडणं उसवते. गेल्या वर्षी सोफ्यावर काही टाकायचं नाही यावरून झालेल्या भांडणात भाऊ तिच्या बाजूने उभा राहिला होता, म्हणून सध्या ती भावाकडे होती. पण भाचीचे पॅनल झाकायची कापडं तीच शिवत होती, तेव्हा ती भाचीकडेही होती. वहिनी, म्हणजे दादाची बायको, दवाखान्यात नर्स. तिने सुरुवातीलाच जाहीर केलं होतं की मी दोघांच्याही डब्यात सारख्याच पोळ्या भरते, मला मध्ये ओढू नका. राहिले अण्णा. बॉयलरचे फोरमन म्हणून तीस वर्षं काढून ते चौदा वर्षांमागे निवृत्त झाले होते. त्यांच्या खुर्चीमागच्या भिंतीवर 'अखंड वीज' लिहिलेली तीन शील्डं ओळीने टांगलेली. अण्णा उद्या पहिल्या रांगेत कोणाच्या बाजूला बसणार, हे गावाला कळायला हवं होतं, मालकांना हवं होतं, ठिणगीच्या गटाला हवं होतं. अण्णांनी मिठाची गुळणी धरली होती.

आणि आजी खिडकीजवळ उभी राहून चादरींच्या घड्या घालत होती. खिडकीबाहेर मागचं अंगण, अंगणात दोरी, दोरीवर सकाळचं दुसरं धुणं. त्यात मधोमध दादाचा पांढरा शर्ट, उद्या घालायचा.

---

दादा उभा राहिला. कंट्रोल रूममध्ये दोनशे काटे एका नजरेत वाचणाऱ्या माणसाला एका कागदावरच्या दहा ओळी वाचताना घाम फुटला होता. समोर बायको, बहीण, लेक, आई, बाप. चारशे परक्यांसमोर बोलणं याच्यापेक्षा सोपं, असं त्याला वाटून गेलं.

"मान्यवर समिती सदस्य आणि ग्रामस्थ—"

"आम्हाला ग्रामस्थ म्हणतोय," आत्या म्हणाली.

"मध्ये बोलू नकोस गं. टायमर चालू आहे." त्याने घसा खाकरला. "माझ्या घराण्याने या प्लांटला दोन पिढ्या दिल्या. या गावातला दिवा चव्वेचाळीस वर्षांत कधी गेला नाही—"

"एकदा मी घालवला होता," ठिणगी म्हणाली.

"घरातला. मी गावाचं बोलतोय." तरी त्याला हसू आलंच. ते त्याने कागदामागे लपवलं आणि पुढे वाचू लागला. दोन हजार घरांची चूल या प्लांटवर पेटते. ऊन संध्याकाळी जातं, वारा मनात आला तर येतो, प्लांट मात्र सांगितल्या वेळी उभा असतो. "आणि प्रदूषणाचं म्हणाल, तर चिमणीतली राख अडवणारा फिल्टर आमच्याकडे चोवीस तास, तीनशे पासष्ट दिवस चालू असतो."

"मंगळवारी नव्हता," आजी म्हणाली.

तिने मान वर केली नव्हती. चादरीचं टोक हनुवटीखाली धरून ती दुसरं टोक जुळवत होती.

"काय आई?"

"मंगळवारी रात्री नव्हता चालू. त्याच्या आधीच्या शुक्रवारी पण नव्हता."

"तुला कोणी सांगितलं?"

"चादरीने."

टायमर टिकटिकत राहिलं. दादाने कागद खाली ठेवला. मंगळवारी रात्री कंट्रोल रूममध्ये तो होता, त्याचा एक मदतनीस होता आणि फिल्टरचं बटण होतं. मदतनीस बोलणाऱ्यातला नव्हता. बटणाला तोंड नव्हतं. आणि साडेतीन किलोमीटरवरच्या दोरीवरची एक चादर बोलली होती.

"आई, राख कुठूनही येते. रस्त्यावरून ट्रक जातात—"

"ट्रकची धूळ लाल. झटकली की जाते. फिल्टर बंद असला की येते ती करडी. झटकली की पसरते." आजीने घडी घातली आणि चळतीवर ठेवली. "लिहून ठेवलंय मी. बघायचं तर बघ."

"कुठे लिहिलंय?" ठिणगीने विचारलं.

"वहीत. धुण्याच्या."

---

या घराची एक खोड आहे, ती जुन्या वाचकांना ठाऊक आहे. नव्यांसाठी थोडक्यात सांगते. प्लांटमध्ये एक शिफ्ट जाते आणि दुसरी येते तेव्हा जाणारा माणूस रजिस्टरमध्ये लिहितो की काय चालू आहे, काय बिघडलंय. येणारा ते वाचतो आणि सही करतो. याला चार्ज देणं-घेणं म्हणतात. सही झाली नाही तर जाणाऱ्याची ड्युटी सुटत नाही, मग बाहेर बस निघून जावो की आभाळ कोसळो. अण्णांनी हा नियम घरात आणला. किल्ल्या, पाहुणे, आजारी माणूस, सगळ्याचा चार्ज. ठिणगी दोन महिन्यांची असताना वहिनीने तिला पहिल्यांदा आत्याकडे सोपवलं, तेव्हाची चिठ्ठी अजून कपाटात आहे: 'दूध दोन वाजता. ढेकर निघाला. डावा मोजा हरवला आहे. चार्ज दिला.' खाली आत्याची सही. हसायचं तर हसा, पण या घरात कधी गॅस चालू राहिला नाही.

आजीने पलंगाखालची पेटी ओढली आणि ठिणगीच्या पुढ्यात प्लांटचीच निळ्या पाठीची रजिस्टरं रचायला सुरुवात केली. एक, दोन, पाच, दहा. एकवीस झाली.

"हे काय आहे आजी?"

"बेचाळीस वर्षं आहेत. दोन वर्षांना एक लागतं."

ठिणगीने वरचं उघडलं. आजीचं अक्षर गोल आणि सरळ होतं. तारीख. वारा कुठून. ऊन कसं. चादर किती वाजता टाकली, किती वाजता वाळली. राख. शेरा. एक दिवस सुटलेला नाही, आणि वर्षाच्या शेवटी सगळ्याची बेरीज. दादाच्या जन्माच्या दिवशीसुद्धा 'वारा टेकडीकडून, ऊन चांगलं, दोन तास, धुणं शेजारणीने टाकलं' असं लिहिलेलं होतं.

ठिणगी वाचत गेली आणि तिचे कान तापत गेले. तिच्या भाषणात एक भोक होतं आणि ते तिला एकटीला माहीत होतं. सुनावणी समितीचे अध्यक्ष गेल्या बैठकीत म्हणाले होते, उपग्रहाची मापं ठीक आहेत, पण या गावात, या जमिनीवर ऊन आणि वारा किती, याची कोणी वर्षानुवर्षं ठेवलेली नोंद दाखवा, मग बोलू. अशी नोंद कोणाकडेच नव्हती. तिने शाळा पालथ्या घातल्या, शेतकी कार्यालयात तीन दिवस बसली. उद्या दहा वाजेपर्यंत नोंद नाही, तर अकरा हजार सह्यांची रद्दी आणि प्लांटला वीस वर्षं. आणि नोंद तिच्या आजीच्या पलंगाखाली होती, ज्याच्यावर ती लहानपणी उड्या मारायची.

"वर्षाला दोनशे नव्वद दिवस चादर तीन तासांच्या आत वाळलीय!" ती ओरडली. "आजी! आणि ऊन नसतं तेव्हा टेकडीचा वारा असतो. हे बघ, हे बघ! ढगाळ, ढगाळ, ढगाळ, आणि तरी चार तासांत वाळली! बाबा, वारा मनात आला तर येतो म्हणालात ना? आजीला विचारा तो कधी येतो ते."

"दुपारी तीनला," आजी म्हणाली. "थोडा मागेपुढे."

"कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही," आत्या म्हणाली आणि उठून भाचीच्या बाजूच्या खुर्चीवर जाऊन बसली. "सोफ्याची परतफेड झाली रे दादा. आता मी इकडे. तसंही या गावात वीस वर्षांत मी पांढरा पडदा शिवलेला नाही. गिऱ्हाईक येतं, पांढऱ्याला हात लावतं, उसासा टाकतं आणि करडा घेऊन जातं. मला वाटायचं, लोकांना आवडच नाही."

दादा 'राख' लिहिलेल्या रकान्याकडे बघत होता.

---

वहिनीला मध्ये ओढलेलं चालत नसलं तरी तिचं लक्ष सगळीकडे असतं. लेकीचा आवाज मध्येच तुटला तो तिलाच आधी कळला.

ठिणगी आता मधलं एक रजिस्टर चाळत होती. आधी ती भराभर पानं उलटत होती, मग सावकाश, मग तिने एका पानावर बोट ठेवलं आणि तिथेच थांबली. वहिनी ताटं उचलायच्या निमित्ताने मागून गेली आणि तिने वाचलं.

'राख आहे. ह्यांची रात्रपाळी.'

चार ओळींखाली पुन्हा. पुढच्या आठवड्यात पुन्हा. दुसऱ्यांच्या रात्रपाळीलाही राख पडलेली होती, पण नाव आजीने फक्त घरच्याचंच लिहिलं होतं. चौदा वर्षांमागे 'ह्यांची' थांबलं आणि थोड्या पानांनी 'दादाची' सुरू झालं.

ठिणगीने आईकडे पाहिलं. मग अण्णांकडे. ते खिशातून रुमाल काढून चष्मा पुसत होते. त्यांच्यामागे तीन शील्डं. उद्या ही रजिस्टरं समितीसमोर गेली की ती कोणीही उघडणार, प्लांटचे वकील तर आधी उघडणार. ज्या माणसाने तिला पहिला फ्यूज बदलायला शिकवला, त्याचं नाव गावभर राखेच्या रकान्यात वाचलं जाणार.

तिने रजिस्टर मिटलं.

"नकोच हे," ती म्हणाली. "म्हणजे... धुण्याची वही आहे शेवटी. समिती हसेल आपल्याला."

"आता तर उड्या मारत होतीस," आत्या म्हणाली.

"मारत होते. आता नाही मारत."

"अगं, पण दोनशे नव्वद दिवस—"

"आत्या, नको म्हटलं ना."

वहिनीने ताटं पुन्हा टेबलावर ठेवली. लेकीने आठ महिने पायाचे तुकडे पाडले होते, ते तिने पाहिलं होतं. गरम पाण्याची बादली रोज तीच भरून द्यायची. आणि ही पोर आता सगळं सोडून देत होती, म्हाताऱ्याला एक शब्द लागू नये म्हणून. वहिनीचा ऊर भरून आला आणि त्याच क्षणी तिला प्रचंड रागही आला. दोन्ही एकदम आलं की ती स्पष्ट बोलते.

"बुधवारी माझ्या दवाखान्यात वाफ घ्यायला एकवीस पोरं होती," ती म्हणाली. "एरवी सहा-सात असतात. मी दर वेळी मशीन वाढवून मागते, आणि ते विचारतात, एकाच दिवशी कशी एवढी येतात? मला कधी सांगता आलं नाही. आता येईल. अहो," ती दादाकडे वळली, "मंगळवारी तुम्ही होता ना ड्युटीवर?"

दादाने भाषणाचा कागद दुमडला, पुन्हा उलगडला. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

"काय लिहिलंय त्यात?" अण्णांनी विचारलं. बॉयलरजवळ आयुष्य गेल्यामुळे त्यांचा आवाज मोठा आहे. ते साधं विचारतात तेव्हाही वाटी हलते.

"काही नाही, अण्णा," ठिणगी म्हणाली. "ऊन आणि वारा."

"मग मिटलंस का?"

"असंच."

"तू चार वर्षांची होतीस तेव्हा पण 'असंच' म्हणाली होतीस. आकडा हातात होता." त्यांनी हात पुढे केला. "रजिस्टर आण इकडे."

---

अण्णांनी ते उघडलं आणि ते पाच-सात पानं वाचत गेले. वाचायचं तसं काही नव्हतं. प्रत्येक तारीख त्यांना आठवत होती.

लोड वाढायचा. फोन यायचा. फोनवर कोणी 'फिल्टर बंद करा' असं कधीच म्हणायचं नाही. 'गावात अंधार व्हायला नको, बघा काय जमतंय ते' एवढंच म्हणायचं. फिल्टर पुष्कळ वीज खातो. तो बंद केला की तेवढी वीज सुटते, आणि अंधारात चिमणीचा धूर कोणाला दिसत नाही. ते बंद करायचे. सकाळी रजिस्टरमध्ये सगळं लिहायचे, वाफेचा दाब, पाण्याची पातळी, पंपाचा आवाज. हे मात्र लिहायचे नाहीत. मग घरी येऊन धुतलेल्या चादरीवर झोपायचे. आणि वर्षाअखेरी शील्ड मिळायचं.

"तुला माहीत होतं," ते आजीला म्हणाले.

"हो."

"एवढी वर्षं?"

"दुसऱ्या वर्षीच कळलं. तुमची दिवसपाळी असली की चादर पांढरी."

"मग बोलली का नाहीस?"

आजीने हातातली उशीची खोळ खाली ठेवली. "लिहिलं होतं की. रोज लिहिलं. तुम्हीच म्हणाला होतात ना, तोंडाने सांगितलेलं वाऱ्यावर जातं, जे असेल ते लिही. लग्न झाल्यावर पहिल्याच आठवड्यात कोरं रजिस्टर आणून दिलंत. म्हणालात, घरही एक ड्युटीच आहे, तू लिही, मी रोज वाचून सही करीन." तिने जवळ येऊन सगळ्यात खालचं रजिस्टर काढलं, पहिलं पान उघडलं आणि शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं. वर लिहिलं होतं, 'चार्ज घेणार'. "अकरा दिवस केलीत सही. मग तुमची रात्रपाळी लागली."

अकरा सह्या होत्या. तरुण, तिरक्या, शेवटी एक झोकदार रेघ ओढलेल्या. बारावी जागा रिकामी होती. तेरावी रिकामी होती. अण्णांनी पान उलटलं, मग दुसरं रजिस्टर घेतलं, मग तिसरं. तो रकाना एकवीस रजिस्टरं रिकामाच होता. प्रत्येक पानावर तिने तो नेमाने पट्टी लावून आखला होता.



"म्हणजे," अण्णा हळू म्हणाले, आणि त्यांचा हळू आवाज त्या घरात कोणी फारसा ऐकलेला नव्हता, "तुझी ड्युटी सुटलीच नाही की गं."

"नाही ना," आजी म्हणाली. "वाट बघत होते. बस कधीच निघून गेली."

ती हसत होती, आणि डोळे पुसत होती, आणि दोन्हीसाठी तिच्याजवळ ती उशीची खोळच होती.

अण्णांनी खिशातलं पेन काढलं. सगळ्यात वरच्या रजिस्टरचं चालू पान काढून त्यांनी शेऱ्याच्या रकान्यात लिहायला सुरुवात केली. ठिणगी त्यांच्या खांद्यावरून मोठ्याने वाचत होती.

'माझ्या रात्रपाळीत लोड वाढला की राखेचा फिल्टर मी बंद करत असे. तोंडी सांगितलेलं होतं, पण हात माझा होता. तेव्हा लिहिलं नाही, आज लिहितो आहे. वरील सर्व नोंदी खऱ्या आहेत. चार्ज घेतला.'

खाली सही. शेवटी झोकदार रेघ, थोडी वाकडी.

"उद्या घेऊन जा," ते नातीला म्हणाले. "सगळी एकवीस."

"अण्णा, वकील तुमचं नाव मोठ्याने वाचतील."

"वाचू देत. अक्षर तिचं चांगलं आहे, वाचायला त्रास होणार नाही. आणि मी पहिल्या रांगेत बसणार आहे, बारा नंबरच्या बाजूला. ऐकू आलं नाही तर उठून सांगीन, मोठ्याने वाचा म्हणून." मग ते आजीकडे वळले. "बस तू आता. सुटली तुझी ड्युटी."

"बसू?"

"बस. चहा आम्ही करतो."

आजी बसली. कोणाच्या तरी घरी आल्यासारखी खुर्चीच्या कडेवर बसली. आणि बसल्या बसल्या सवयीने तिची नजर खिडकीबाहेर गेली, आणि ती ताडकन उठली.

"वारा फिरला! कपडे!"

बेचाळीस वर्षांत हे कधी झालं नव्हतं. वारा फिरायच्या पाव तास आधी आजीला कळायचं आणि दोरी रिकामी व्हायची. आज सगळे वहीत डोकं घालून बसले होते आणि वहीत ज्याची नोंद आहे तेच मागच्या अंगणात चाललं होतं. टेकडीचा वारा पडला होता. चिमणीचा धूर वळून गावाकडे येत होता, आणि त्याचा रंग रोजचा फिकट नव्हता.

"बस!" अण्णा गरजले. वाटी हलली. "तुझा चार्ज दिलेला आहे. दादा, जा."

दादा आधीच उठला होता.

---

कपडे काढायचे कसे, हे त्याला माहीत नव्हतं. तो चिमटे उपटत होता आणि दोन चिमटे त्याने मोडले. बाही दोरीत अडकली. खिडकीतून आई सूचना देत होती, चादर आधी, टॉवेल नंतर, गोळा करू नकोस रे, आणि ड्युटी सुटलेल्या माणसाला हे शोभत नाही असं अण्णा तिला सांगत होते.

मधोमध त्याचा पांढरा शर्ट होता. खांद्यांवर आणि खिशावर करडी भुकटी बसली होती. त्याने बोट फिरवलं. ती पसरली.

त्याने चिमणीकडे पाहिलं. आज रविवार. तपासायला येणारी माणसं रविवारी येत नाहीत. आज सकाळी चार्ज देताना पुढच्या शिफ्टच्या माणसाने त्याला विचारलं होतं, दुपारी लोड वाढला तर? आणि दादा म्हणाला होता, बघा काय जमतंय ते. रजिस्टरमध्ये यातलं काही नव्हतं. म्हणताना तो जांभई देत होता, हे त्याला आता आठवलं. बापाने 'तोंडी सांगितलेलं' म्हणून लिहिलं ते वाक्य कोणतं, हे त्याला कोणी सांगायला नको होतं. ते तो स्वतःच रोज म्हणत होता.

तो शर्ट हातात धरून आत आला. चादरी सोफ्यावर टाकल्या. त्या सोफ्यावर काही टाकायचं नाही असं ठरलेलं होतं, पण आत्याने ते आज चालवून घेतलं.

"हा माझा आजचा निरोप आहे," तो म्हणाला. "सकाळी देऊन आलो होतो. घरी पोचला."

त्याने टेबलावरचं भाषण घेतलं, 'चोवीस तास, तीनशे पासष्ट दिवस' ही ओळ शोधली आणि तिच्यावर एक आडवी रेघ मारली. मग तिच्या खालच्या ओळीवर. मग टायमरकडे बघत म्हणाला, "उद्याच्या तीनातली अडीच मिनिटं माझ्याजवळ उरली."

"मग?" ठिणगीने विचारलं. तिचा आवाज अगदी लहान झाला होता.

"मग माझी पानं मी वाचतो. 'दादाची रात्रपाळी' लिहिलेली. ती वकिलाने वाचायची नाहीत, ती माझी आहेत. फिल्टर का बंद करतात, कोण सांगतं, तेही सांगतो. ऊन-वाऱ्याचं तू बोल, मला त्यातलं कळत नाही. फक्त ते प्लांटच्या माणसांना आधी शिकवण्याचं आहे ना तुझ्या भाषणात, ते घाईत म्हणू नकोस. नीट म्हण. उद्यापासून मलाही लागेल."

"पहिल्या तुकडीत नाव घालू?"

"घाल. पण मला आकडा प्लगमध्ये घालायला सांगू नकोस."

ठिणगीने बापाच्या गळ्यात हात टाकले, राखेच्या शर्टासकट. वहिनीने दोघांकडे पाहिलं आणि ती गॅस पेटवायला गेली. तिला आता मध्ये ओढायची कोणाला गरज उरली नव्हती.

आत्याने शर्ट उचलून उजेडात धरला. "अरे देवा, उद्या दहाला सुनावणी. परत धुवायचा तर वाळणार कधी?"

"धुवायचा नाही," दादा म्हणाला. "हाच घालून जाणार आहे."

"असा?"

"असाच."

"निदान इस्त्री तरी करू दे."

सगळ्यांनी आजीकडे पाहिलं. तिची ड्युटी सुटली होती, पण धुण्यातला शेवटचा शब्द तिचाच, हे कुठल्याही रजिस्टरमध्ये लिहिलेलं नसलं तरी ठरलेलं होतं. ती आता खुर्चीत मागे टेकून बसली होती.

"इस्त्री कर," ती म्हणाली. "झटकू मात्र नकोस."